टबातला सासरा

बोदलकशाच्या तलावावर मच्छीमाराच्या जाळ्यात दोन कासवं आली होती, एक मोठं, एक लहान. दोन्ही त्यानं पाण्याच्या टबात ठेवली होती. "पायजे ते न्या," तो म्हणाला. रोशन आणि खुशबू मोठ्यासाठी हटून बसले, आणि त्यांच्या आईचा, फुलवंताचा, जीव काही थाऱ्यावर येईना. कासव टब खरवडत होतं आणि ही पुन्हापुन्हा पदर कपाळावर ओढत होती.

"काऊन चुळबुळ करून राहिली?" नवऱ्यानं, पुनारामनं विचारलं.

"कासव तुमच्या कुळाचा देव. म्हणजे माहे सासरेच. अंगणात आणून ठेवान, त मी दिवसभर डोक्यावर पदर घेऊन भांडे घासू का?"

पुनाराम हसला. "मंग लहानं नेऊ. त्याले लहाना दीर समज, दिरापुढं पदर नाई लागत."

फुलवंता भडकली. "सख्खा दीर असता, त टबात कोंडून पोराइले खेळाले देला असता?"

पुनारामचं हसू विरलं. त्यानं टब उचलून पाण्यात रिता केला. पोरांनी भोकाड पसरलं. लहानगं सुळकन गेलं. मोठं मात्र काठाशीच मान वर काढून थांबलं.

"आता त सोड पदर," पुनाराम म्हणाला.

"थांबा," ती पुटपुटली, "अजून पाहून राहिले ते."