संत्रं जड, बिस्किट हलकं

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, दुकानात कांदे-बटाटे तोलणारा नव्हे, माणसं तोलणारा. उंच लोखंडी खांब, पायाशी उभं राहायला चौथरा, छातीच्या उंचीवर आडवी पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारं एक वजन, एवढाच माझा संसार. मी शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात राहतो. मला जागचं हलता येत नाही, कारण बसवतानाच माझे चारही पाय सिमेंटमध्ये गाडले गेले. बोलताही येत नाही. समोरचा किती भरला, एवढी एकच गोष्ट मला जन्मभर सांगता आली. बाकीचं सगळं मनातच साचत गेलं. आज ते तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या तपासनिसाने माझी कसून परीक्षा घेतली. कधी श्वास रोखून उभा राहिला, कधी एकाच पायावर, कधी हळूच दांडीवर फुंकर घातली. मी काही फसलो नाही. "हा खोटं बोलणार नाही," असं म्हणून त्याने माझ्यावर शिक्का मारला. तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. खरं बोलणारा सगळ्यांच्या उपयोगी पडतो, अशी माझी त्या वयात भाबडी समजूत होती.

तबेल्यातली माझी खोली अरुंद होती. भिंतीवर ओळीने खोगिरं टांगलेली, कोपऱ्यात चामड्याला लावायच्या तेलाचा डबा, आणि उजेडाला छताजवळ हातभर खिडकी. तिच्यातून मला फक्त आभाळाचा तुकडा दिसायचा. घोडे पळताना मी कधीच पाहिले नाहीत. त्यांच्या टापा मात्र माझ्या पायांखालच्या सिमेंटमधून मला जाणवायच्या.

माझं काम असं. शर्यतीत प्रत्येक घोड्याच्या पाठीवर किती ओझं असावं हे आधीच ठरलेलं असतं. स्वार आणि त्याचं खोगीर मिळून त्याहून जास्त भरले, तर तो घोडा दुसऱ्या स्वाराला मिळतो. म्हणून स्वार रोज खोगीर काखेत घेऊन माझ्यावर चढायचे. दांडी सरळ राहिली की सुटकेचा निःश्वास. दांडी वर उचलली गेली की चेहरा पडायचा. मोठी माणसं माझ्यासमोर हात जोडून उभी राहायची, आणि खरं सांगतो, सुरुवातीला मला त्याचा भारी तोरा होता.

घोड्यांचा खुराकही माझ्यावरच तोलला जायचा. म्हातारे मोतद्दार काका घोड्यांची निगा राखायचे. ते गवताच्या पेंढ्या आणायचे, ओट धान्याचं पोतं आणायचे, गाजरं टोपलीसकट ठेवायचे. घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली पूड त्यात मिसळायचे, आणि एखाद्या घोड्याने तोंड फिरवलं तर त्याची लहान बाळासारखी मनधरणी करायचे. त्याच खोलीत, त्याच वेळी, खोगिराला टेकून बसलेला स्वार साखर नसलेल्या काळ्या चहात कोरडं बिस्किट बुडवत असायचा. घोड्याचं जेवण पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

अशातच पीस आला. हे त्याचं टोपणनाव. अंगाने इतका सडपातळ की पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर पीस आहे!" आणि तेच नाव चिकटलं. त्याला आईवडील नव्हते. एक थोरली बहीण होती, ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. तिनेच त्याला वाढवलं होतं. घोड्यावर बसला की मात्र पीस वेगळाच माणूस व्हायचा, असं काका सांगायचे. तबेल्यातली सगळ्यांत तापट घोडी त्याच्या हाताखाली मांजर व्हायची.

त्याला शिकवणारे वस्ताद स्वतः एकेकाळी नावाजलेले स्वार होते. मनाने वाईट नव्हते. पण त्यांच्या वस्तादांनी त्यांना जे शिकवलं, तेच ते डोळे झाकून पुढे शिकवत होते. पहिल्याच आठवड्यात ताई भावासाठी पिशवीभर संत्री घेऊन आली. वस्तादांनी पीसला माझ्यावर उभं केलं. हातात एक संत्रं दिलं. माझी दांडी वर गेली. मग संत्रं काढून दोन बिस्किटं दिली. दांडी जेमतेम थरथरली.

"बघितलंस?" वस्ताद म्हणाले. "संत्रं जड, बिस्किट हलकं. जे हातात जड, ते अंगावर जड. फळं, भाज्या, सगळं बंद. कळलं?"

"कळलं वस्ताद," पीस म्हणाला. संत्री घोडीला गेली. तिने सालीसकट मटकावली.

मित्रांनो, मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. संत्रं खरोखरच जड होतं. पण माझ्या खऱ्या उत्तराला कुणी भलताच प्रश्न जोडला, तर मी काय करणार? त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या पायांतलं सिमेंट टोचलं.

त्यानंतर पीस पोटाला चिमटा घेऊन जगू लागला. ताई सुटीच्या दिवशी दाराशी यायची. बाहेरच्यांना आत यायला मनाई होती, म्हणून ती उंबरठ्यावरूनच बोलायची.

"जेवलास का रे?"

"हो गं ताई, पोटभर."

"मग गालफडं का बसलीत?"

"स्वाराची अशीच असतात. तू नको काळजी करूस."

ती कोपराने डोळे पुसायची, कारण हातांना इस्त्रीचे चटके असायचे. आणि मी मूग गिळून गप्प उभा.

हळूहळू पीसची तब्येत तोळामासा झाली. चौथऱ्यावर चढताना तो माझा खांब घट्ट धरायचा. लगामाने तळहाताला पडलेली जखम महिनोन्महिने ओली राहिली. पोटऱ्यांवर निळे डाग उठले, कुठे काही लागलेलं नसताना. हे सगळं मला दिसत होतं, कारण त्याचे पाय माझ्यावरच असायचे. पण दांडी सरळ राहायची आणि वस्ताद त्याची पाठ थोपटायचे. "शाब्बास! असा स्वार पाहिजे!" हंगामातली सगळ्यांत मोठी शर्यत जवळ आली होती आणि ती तापट घोडी पीसला मिळणार होती. ती शर्यत जिंकली तर ताईला पुन्हा इस्त्री हातात धरावी लागणार नाही, असं तो घोडीच्या कानात सांगतो, हे मला काकांकडून कळायचं.

शर्यतीच्या आदल्या सकाळी मोतद्दार काका धावतच खोलीत आले. त्यांच्या हातात अर्धवट खाल्लेलं गाजर होतं आणि गाजरावर रक्त.

"वस्ताद, घात झाला! घोडीच्या तोंडातून रक्त येतंय!"

मग काय विचारता. सगळा तबेला गोळा झाला. वस्तादांना घाम फुटला. डॉक्टरीणबाईंना निरोप गेला आणि त्या हातातलं काम टाकून आल्या. काका नंतर सांगत होते, बाईंनी घोडीचे ओठ वर केले, जीभ बाजूला धरली, दात अन् दात तपासला. घोडी ठणठणीत होती. उलट तपासणी संपल्यावर तिने बाईंचीच बाही चघळायला सुरुवात केली.

डॉक्टरीणबाई गाजर घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि खिडकीच्या उजेडात ते फिरवून पाहू लागल्या. "हे घोड्याचे दात नाहीत," त्या म्हणाल्या. "हे माणसाने खाल्लंय."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पीस भिंतीला चिकटून उभा होता. त्याची मान खाली गेली.

"भूक लागली होती," तो म्हणाला. "एकच घास घेतला. तिच्या टोपलीतलं."

"तोंड उघड," बाई म्हणाल्या. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. बोट लावताच रक्त आलं, आणि एक दात हलला. मग त्यांनी तळहात पाहिला, पोटऱ्या पाहिल्या, शेवटची भाजी कधी खाल्लीस ते विचारलं. त्याला आठवेना.

"मी जनावरांची डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुला आजच्या आज माणसांच्या डॉक्टरकडे नेते. पण हे मला ओळखू येतंय. याच्या अंगात क जीवनसत्त्व उरलेलं नाही. घोड्याचं शरीर ते स्वतः बनवतं. माणसाला ते जमत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं."

"फळं जड असतात बाई," वस्ताद म्हणाले. "काट्यावर सिद्ध करून दाखवतो."

"जड असतात, पाण्याने. ते पाणी आज प्यायलं, उद्या गेलं. तेवढ्याच वजनाच्या बिस्किटांत संत्र्याच्या दहापट ऊर्जा असते. अंगावर काय चढतं आणि काय उतरतं, ते हातातल्या वजनावर नाही ठरत. खाण्यातून ऊर्जा किती आली आणि दिवसभरात खर्च किती झाली, त्यावर ठरतं. हा पहाटेपासून घोडे फिरवतो आणि खातो मूठभर. याचं शरीर स्वतःचेच स्नायू जाळतंय. आणि जीवनसत्त्व म्हणाल, तर दिवसाला लागतं किती? चिमटीतही सापडणार नाही इतकं. या काट्यावर ठेवलं तर दांडी हलणारसुद्धा नाही. पण ते मिळालं नाही की हिरड्या सुटतात, जखमा भरत नाहीत, तरण्याताठ्या माणसाचे दात पडतात."

हे ऐकलं आणि वस्तादांचा हात आपसूक तोंडावर गेला. मित्रांनो, वस्तादांचे सगळे दात खोटे होते. तिशीच्या आतच पडले होते. स्वाराचे दात असेच जातात, असं त्यांना त्यांच्या वस्तादांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते आजवर मानलं होतं.

पीसला मात्र दातांचं काही पडलं नव्हतं. तो झटकन खोगीर काखेत मारून माझ्यावर चढला. "वस्ताद, बघा ना! काटा बघा! बरोब्बर भरतोय मी. उद्या धावू द्या. शर्यत झाली की सगळं खाईन. ताईची शपथ!"

खोलीतले सगळे डोळे माझ्याकडे लागले. माझा जीव कासावीस झाला. एकदा, फक्त एकदा खोटं बोलावं, दांडी थाडकन वर फेकावी आणि त्याला सांगावं, बाबा रे, उतर! मी सगळा जोर लावला. पण लोखंडाचा जोर कसला? दांडी सरळ राहिली. रेषेत, शांत, तंतोतंत बरोबर. जन्मात माझा इतका राग मला कधी आला नव्हता.

वस्ताद पुढे आले. मग त्यांनी माझं सरकणारं वजन दांडीवरून काढलं आणि खिशात टाकलं. माझी दांडी कडेला आपटली. आता मला काहीच सांगता येत नव्हतं.

"उतर," ते म्हणाले. "घोडी उद्या दुसरा नेईल. तू बाईंबरोबर जा."

पीस माझ्या खांबाला धरून ओक्साबोक्शी रडला. काकांनी त्याला उचलून नेलं. उचलायला त्यांना मुळीच कष्ट पडले नाहीत.

शर्यत घोडी हरली. पीस दवाखान्यातून ताईच्या घरी गेला. औषध मिळालं, फळं-भाज्या मिळाल्या, दोन वेळचं जेवण मिळालं. हिरड्यांचं रक्त थोड्याच दिवसांत थांबलं. अंगात ताकद यायला मात्र बरेच महिने लागले. मग एका सकाळी तो परत आला. वस्तादांनी माझं वजन दांडीवर चढवलं. पीस खोगीर घेऊन उभा राहिला आणि माझी दांडी वर गेली ती खाली येईचना. शर्यतीचा स्वार म्हणून त्याचे दिवस संपले होते. कोवळी शिंगरं शिकवायचं काम वस्तादांनी त्याला दिलं, कारण तिथे ओझ्याचा नियम नसतो. पण हरल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, ते मी लपवत नाही.

ताई उंबरठ्यावर उभी होती. "काय झालं रे?"

"जास्त भरलो," तो खालमानेने म्हणाला.

"जास्त भरलास?" ताई म्हणाली, आणि मनाई-बिनाई विसरून आत येऊन तिने त्याला मिठीच मारली. ती हसत होती आणि रडत होती. माझ्या उत्तराने कुणाला इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

आता वस्ताद नाहीत, काका नाहीत. पीसही दुसऱ्या गावी शिंगरं शिकवतो, असं कानावर येतं. माझ्या खोलीची कोठी झाली. माझी दांडी गंजली आणि चौथऱ्यावर कोंड्याची पोती रचली गेली. भिंतीपलीकडच्या खोलीत नवा विजेचा काटा आलाय. तो टुक् असा आवाज करतो. काल त्याच्यावर स्वार व्हायला आलेली एक नवी मुलगी उभी होती. आवाजावरून कोवळी वाटली. टुक् झालं. मग ती म्हणाली, "चालेल. आजही जेवत नाही." मी इथे पोत्यांखाली, ती भिंतीपलीकडे. ओरडायला मला तोंड नाही.

मित्रांनो, तुम्हाला ते आहे. आमच्यासारख्या काट्यांना माणसाचं ओझं कळतं, माणूस कळत नाही. तुमच्या घरी कुणी ताटावरून लवकर उठत असेल, कुणी भूक नाही म्हणत असेल, तर त्याला किती भरलास असं विचारू नका. जेवलास का, असं विचारा. तो हो म्हणेल. तरी उठू नका, त्याच्याजवळ बसा, आणि पुन्हा विचारा.