घोणशीला मंतर चालत न्हाय

राजश्री टेंपो चालवायला शिकली ती नवरा गेल्यावर. बोरगावातनं निपाणीला दुधाचे कॅन पोचवायचं काम नवऱ्याचं, गोमटेशचं होतं, ते तिनं अंगावर घेतलं. मारुतीरावाच्या दारावरनं जाताना ती हटकून हॉर्न दाबायची, लांबलचक. मी अजून हाय, हे त्याला कळावं म्हणून.

मारुतीराव गावात सापाचं विष उतरवायचा. गोमटेश तंबाखूच्या खळ्यावर राखणीला भुईवर निजला होता, तेव्हा त्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. काळा, अंगावर पांढरे पट्टे असलेला साप फटीत शिरताना त्यानं पाहिला. उजाडता घरी आला तो पोट धरूनच. राजश्री म्हणाली, निपाणीला जाऊ. पण भावकीनं मारुतीरावाला बोलावलं. त्यानं बोट उलटसुलट करून बघितलं आणि हसला.

"सूज न्हाय, रगत न्हाय. नाग असता तर हात भोपळ्यागत फुगला असता. ह्यात इखच न्हाय. दवाखान्यात नेऊन हाल करू नगासा."

त्यानं लिंबाचा पाला चावायला दिला आणि मंत्र पुटपुटत बसला. ऊन चढलं तशा गोमटेशच्या पापण्या मिटायला लागल्या. घोटभर पाणी गिळेना. राजश्रीनं आरडाओरडा करून गाडी काढायला लावली, पण दवाखान्याच्या पायरीवरच त्याचा श्वास थांबला. डॉक्टर म्हणाले, "मण्यार होती ही. नाग चावला की सुजतं, दुखतं, माणूस घाबरून धावत येतो. मण्यारीचं काही दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट."

इथवर ती कदाचित नशिबाला बोल लावून गप्प बसली असती. पण दुखवट्याच्या दिवसांतच मारुतीरावानं जैनांच्या बस्तीच्या देवळाजवळ पिंपळाच्या पारावर बसून सगळ्यांना सांगितलं, "माझा मंतर बरोबर हुता. बाई विटाळाची, तिनं नवऱ्याला शिवलं. म्हणून उलटलं." सासूसुद्धा राजश्रीच्या हातचं पाणी घेईना. त्या दिवसापासनं राजश्रीच्या पोटात एकच निखारा होता. कुणी विझवू बघितला तरी तिनं विझू दिला नाही.

दोन पावसाळे गेले. ऊसतोडीच्या दिवसांत ती रिकामे कॅन घेऊन परतत होती, तर मळ्याच्या वाटेवर मारुतीरावाची बायको शालूबाई आडवी आली. पदर डोक्यावरनं घसरलेला. मागं बांधावर मारुतीराव बसला होता. पाय गुडघ्यापर्यंत टम्म, कातडी चकाकत होती, आणि जखमेतनं रक्त थांबत नव्हतं.

"आक्का, निपाणीला ने," तो म्हणाला. "घोणस हाय. उसाच्या पाचटात हुती, पाय पडला."

राजश्री खाली उतरली नाही. "मंतर म्हणा की आप्पा."

"घोणशीला मंतर चालत न्हाय गं."

"आणि मण्यारीला चालतो व्हय?"

शालूबाईनं गाडीच्या दारातनंच राजश्रीचे पाय धरले. तेव्हा राजश्री उतरली, मागचं फळकट पाडलं आणि म्हणाली, "बसवा त्यास्नी."

"गावातनं नगं," मारुतीराव घाईनं म्हणाला. "कालव्याच्या वाटेनं ने. मी दवाखान्यात गेलो हे कुणाला दिसाय नगं."

राजश्रीनं गाडी सरळ गावात घातली. बाजारचा दिवस होता. पाराजवळ माणसं बसली होती, भाजीवाल्या होत्या. तिनं गाडी मधोमध उभी केली, इंजिन बंद केलं आणि चावी मुठीत घेतली.

"सांगा," ती मोठ्यानं म्हणाली. "हितंच बोलला हुता. हितंच सांगा."

"अगं रगत जातंय त्येंचं!" शालूबाई किंचाळली.

"माझ्या नवऱ्याचा जीव जात हुता. तुमी शेजारी बसून चहा पीत हुता, वैनी."

लोक गाडीभोवती गोळा झाले. कुणी म्हणालं, राजश्री, पाप लागंल. तिनं तिकडं बघितलंही नाही. मारुतीरावाच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं होतं. त्यानं ते बोटाला लागलेलं बघितलं आणि रडायला लागला.

"राजश्रीचा काय दोष न्हाय," तो म्हणाला. "विटाळ-बिटाळ काय नव्हता. मला साप वळखाय आला न्हाय. मीच अडवून ठेवलं गोमटेशला. मी मारलं त्येला."

"मोठ्यानं."

तो पुन्हा बोलला. तिनं चावी फिरवली, आणि मग निपाणीपर्यंत अशी गाडी हाणली की शालूबाई कॅनला घट्ट धरून बसली.

दवाखान्यात नर्सनं सलाईन लावलं, त्यात औषधाच्या बाटल्या रिकाम्या केल्या. राजश्रीनं दारातनं विचारलं, "हे घोणशीचं औषध का?"

"चौघांचं एकच असतं," नर्स म्हणाली. "नाग, मण्यार, घोणस, फुरसं."

राजश्री नळीकडं बघत उभी राहिली. थेंब पडत होते. हेच गोमटेशच्या हातात गेलं असतं. पारावर मिळालेलं समाधान तिथंच आटलं, आणि तिला वाटलं, चावी आणखी थोडा वेळ मुठीत ठेवायला हवी होती. ती बाहेर जाऊन टेंपोत बसली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मोकळेपणी रडली.

मारुतीराव वाचला. किडन्या बऱ्याच दिवसांनी ताळ्यावर आल्या, पाय मात्र लंगडाच राहिला. मंत्र सुटला. सासू एक दिवस राजश्रीच्या हातचं पाणी प्यायली.

पर्युषण संपलं, क्षमावाणीला गावातले जैन एकमेकांना हात जोडून माफी मागत होते. शालूबाई जैन नव्हती, तरी राजश्रीच्या दारात आली. "त्यास्नी माफ कर गं आक्का. लाजंनं बाहेर पडत न्हाईत."

राजश्री कॅन धूत होती. तिनं हात पुसले.

"न्हाय जमत वैनी," ती म्हणाली. "उद्या तुमच्यातल्या कुणाला काय चावलं तर हाक मारा. गाडी घेऊन येतो. पण माफी मागू नगा."

शालूबाई गेली. राजश्रीनं उरलेले कॅन धुतले.