चार देश फिरलेली निळी बॅग

मी एक जुनी निळी बॅग आहे. चाकांची, कडक पाठीची आणि चार देश फिरून आलेली. निदान गल्लीत सगळे असंच म्हणतात. मित्रांनो, मला विचाराल तर मी नक्की काय पाहिलं, याची माझी मलाच खात्री नाही. माझा सगळा घोळ तिथेच आहे.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. आठवतं ते सोलापुरातल्या नवी पेठेतलं दुकान. दारात टांगलेल्या दप्तरांखाली मी उभी होते. तिथे हिंदुराव आणि विजयमालाबाई आले. हिंदुराव चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर. नवे माग येणार म्हणून मालकांनी त्यांना पंधरा दिवस जर्मनीला शिकायला पाठवायचं ठरवलं होतं. विजयमालाबाईंनी माझी चेन दहा वेळा उघडून मिटून पाहिली, मला दुकानभर ओढून चाकं तपासली आणि मगच मान हलवली.

जर्मनी कशी होती? गार होती. विमानाच्या पोटात अंधारात पडून राहायचं आणि हॉटेलच्या कपाटात अंधारात उभं राहायचं, एवढीच माझी जर्मनी. पण परत आल्यावर माझं कोण कौतुक झालं! शेजारणी येऊन मला हात लावून बघायच्या.

तेव्हापासून गल्लीत किंवा भावकीत कुणी परदेशी निघालं की पहिली मागणी माझी. बॅग काय रोज लागते, ती विकत कशाला घ्यायची? हिंदुरावांचा पुतण्या दुबईला गेला, मी गेले. समोरचे बसलिंगप्पा मास्तर निवृत्त झाल्यावर मलेशियाला गेले, मी गेले. महिला मंडळ नेपाळला गेलं, तेव्हाही मी गेले. त्या वर्षी लेकीची, रेश्माची, बारावी होती म्हणून विजयमालाबाई तेवढ्या राहिल्या.

आता आपल्याकडे एक रीत आहे. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यात साखर तरी घालायची. लोकांनी ती रीत मलाही लावली. दुबईहून मी खजूर घेऊन आले, मलेशियाहून उंच मनोऱ्यांचं चित्र, नेपाळहून रुद्राक्ष. वस्तूबरोबर माणूसही यायचा, चहाला बसायचा आणि प्रवासाचं सगळं सांगायचा. विजयमालाबाई ओल्या फडक्याने माझं अंग पुसत ऐकायच्या. संध्याकाळी गल्लीतली पोरं ओट्यावर जमली की तेच त्या तिखटमीठ लावून सांगायच्या. सुरुवातीला त्या ‘मास्तर असं म्हणत होते’ एवढं तरी जोडायच्या. पुढे मास्तर गळाले, पुतण्या गळाला. मनोऱ्यावर वाऱ्याने कुणाचा पदर उडाला हे सांगताना त्या स्वतःचाच पदर सावरायच्या. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकायचे आणि गोंधळून जायचे. मलेशियाला आम्ही दोघी गेलो होतो की काय?

मग रेश्माचं लग्न झालं, ती नेदरलँडला गेली आणि तिथेच तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, आईने जवळ असायलाच हवं. पासपोर्ट निघाला. व्हिसाचा अर्ज भरायला अमरेश घरी आला. त्याचं कोपऱ्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मला आडवं करून माझ्या पाठीवर त्याने लॅपटॉप ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. याआधी कुठल्या देशांना गेला होता, असा प्रश्न होता. विजयमालाबाईंनी शेंगा सोलता सोलता सांगितलं, जर्मनी, दुबई, मलेशिया, नेपाळ. अमरेशने तसंच भरलं. त्याला ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. लहानपणी तोही त्याच ओट्यावर बसून या गोष्टी ऐकायचा. हिंदुराव तेव्हा पाळीवर होते.

तीन आठवड्यांनी नकार आला. पासपोर्ट कोरा करकरीत आणि अर्जात चार देश, मग विश्वास कोण ठेवणार? हिंदुरावांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“अगं, जर्मनीला तू कवा गेलीस?”

विजयमालाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“आपण गेलोय की,” त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात विचारलं, “न्हाय का?”

त्या खोटं बोलत नव्हत्या, मित्रांनो. बायकांना कुणी ‘तू कुठे कुठे गेलीस’ असं विचारत नाही. त्यांना ते पहिल्यांदा विचारलं एका अर्जाने, आणि त्यांनी मनाला आलं ते उत्तर दिलं. मला त्यांची दया आली, आणि माझी लाजही वाटली.

चूक कबूल करून दुसरा अर्ज केला, पण त्यात दिवस गेले आणि रेश्माचं पोट काही थांबणार नव्हतं. मुलगी झाल्याचा फोन आला. विजयमालाबाईंनी पेढे वाटले आणि आत येऊन पुन्हा फोन लावला. नकार कशामुळे आला ते रेश्माला कळलं होतं. तिचा आवाज थकलेला होता.

“आई, तू समदं जग फिरलीस आणि माज्याकडंच आली न्हाईस.”

विजयमालाबाई फोन कानाला धरून माझी चेन उघडू-मिटू लागल्या. माझ्या पोटात तेव्हा डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी भरलेली होती.

पुढच्या महिन्यात व्हिसा आला. पण माझं एक चाक निखळलं होतं, म्हणून जावयाने नवी बॅग घ्यायला लावली. लाडू तिकडे गेले, दुपटी गेली, विजयमालाबाई गेल्या. मी माळ्यावर. रुसले, खरं सांगते.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या. पोरं ओट्यावर धावली. नेदरलँड कसा आहे, तिथे काय काय बघितलं? मी वरून कान टवकारले.

“बाळाला न्हाऊ घातलं, रेश्माला भाकरी करून घातली,” त्या म्हणाल्या. “भायेर काय हाय ते बघायचं राहिलंच की.”

पोरं हिरमुसली. मग जर्मनीची तरी सांगा, म्हणाली.

“जर्मनीला मी गेले न्हाय, बाळांनो. बॅग गेलती.”

मला वरून ओरडावंसं वाटलं की अहो, मी तरी कुठे काय पाहिलं? मी कपाटात होते. पण मग ओट्यावरची ती जर्मनी पाहिली कुणी? मला अजून कळलेलं नाही. इतकंच कळलं की त्या दिवसापासून ओट्यावर कुणी गोष्ट सांगत नाही.

मित्रांनो, माझं चाक दुरुस्त करा, अंगावरची धूळ पुसा, एवढंच मागायचं मी ठरवलं होतं. पण आता दुसरंच मागते. तुमच्या घरात सगळ्यांच्या बॅगा भरून देणारी जी कुणी असेल, तिला आज विचारा, तुला कुठे जायचंय? आमच्या घरात अजून कुणी विचारलेलं नाही.