नामाजीच्या मेंदूत अडकलेलं नाव

मित्रांनो, मला कुणी कधी पाहिलेलं नाही. पुसेगावच्या नामाजी मेंढपाळाच्या कवटीत राहणारा मी एक जुना मेंदू आहे.

कपाळापासून मागेपर्यंत पसरलेला माझा मोठा भाग विचार, आठवण आणि बोलणं सांभाळतो. मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू आहे. खांद्यावर कोकरू घेऊन नामाजी बांधावरून चालायचा, तेव्हा त्याचा तोल तोच राखायचा. मानेपाशी देठासारखा एक भाग आहे. नामाजी झोपला तरी तो श्वास चालू ठेवतो. त्याला कधी शाबासकी मिळाली नाही. शाबासकी मिळायची आठवणीला. कळपातलं प्रत्येक मेंढरू नामाजी तोंडावरून ओळखायचा. "नामाजीचं डोस्कं लई तल्लख," असं लोक म्हणायचे, आणि मी सुखावायचो.

त्याची एकुलती लेक दिपाली सिद्धेश्वर गावी दिली. ती सासरी गेल्यापासून मेंढरांमागे चालता चालता तो मनातल्या मनात तिच्याशीच बोलायचा.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी त्याला रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. "मला काय तकलीफ हाय? काहून खाऊ गोळ्या?" असं म्हणत त्याने त्या सोडल्या. मला रक्त पुरवणाऱ्या नळ्या वाढत्या दाबाने कडक होत गेल्या. साऱ्या अंगाचं दुखणं मला कळतं, पण मी स्वतः दुखत नाही. मग माझं गाऱ्हाणं कोण सांगणार?

दोन हजार तीन सालच्या थंडीत, एका सकाळी डावीकडची नळी गुठळीने बुजली. नामाजी मेंढवाड्यातच कोसळला. माझी डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून त्याचा उजवा हात आणि पाय लुळे पडले. डावीकडेच, पुढच्या भागात बोलण्याचे शब्द जुळतात. तो भागही रक्तावाचून सुकला.

दवाखान्यातून घरी आणल्यावर दिपाली धावत आली.

"आवं, कोण आलंय सांगा बरं," चंद्रभागाबाई नवऱ्याला म्हणाली.

नामाजीने जिवाच्या आकांताने तोंड उघडलं. "शेळी," तो म्हणाला.

शेजारचे अमृतराव हळू आवाजात बोलले, "पोटच्या लेकीला वळखत न्हाई. याला आता काई कळत न्हाई."

मित्रांनो, त्याला सगळं कळत होतं. ऐकलेलं समजून घेणारा माझा भाग शाबूत होता. दिपालीचं नाव, लहानपणचं तिचं रुसणं, सारं माझ्यापाशी होतं. फक्त तिथून जिभेपर्यंतची वाट तुटली होती.

"त्यांना समजतं," तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी दिपालीला सांगितलं. "शब्द यायला वेळ लागतो. तुम्ही मध्येच बोलू नका. वाट बघा."

ती महिनाभर राहिली. रोज बापासमोर बसायची. "बोला आबा, मी बसले हाय." त्याच्या घशातून नुसता आवाज यायचा. माझ्या धडधाकट पेशी सुकलेल्या भागाचं काम शिकू पाहत होत्या, पण ते काम फार सावकाश होतं.

शेवटी तिला सासरी निघावं लागलं. डाव्या हाताने काठी टेकत, उजवा पाय ओढत नामाजी फाट्यापर्यंत आला. एस.टी. आली. दिपालीने पायरीवर पाय ठेवला आणि नामाजीचे ओठ हलू लागले.

"ताई, बसा लवकर," कंडक्टर म्हणाला.

"जा बाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "त्येंचं असंच चालू ऱ्हातं."

दिपालीने पाय खाली घेतला. ती बापाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"थां..." नामाजीच्या कपाळावर घाम आला. "थांब."

एस.टी. निघून गेली. दिपाली बापाचा हात धरून, त्याच्याच चालीने घराकडे वळली. आणखी एक दिवस ती राहिली.

तिचं नाव मात्र त्याच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही. मी अजूनही ते रोज जिभेकडे पाठवतो.

मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांच्या गोळ्या चुकू देऊ नका. आणि कुणाचा शब्द अडला, तर त्याला खुळा म्हणून पाठ फिरवू नका. त्याच्या आत कदाचित तुमचंच नाव घेणं चाललेलं असेल.