चाकण ते ताथवडे, मधे खोकं नको

गुरुवार. चाकणला दिवसपाळीला सुट्टी, वीज बंद, कंपनी जनरेटरवर. चारला वीज येणार, साडेचारला असेंब्ली सुरू. तेवढ्या वेळात मला जुनी खोकी उडवून दाखवायची होती.

खोकी म्हणजे काय, सांगते. प्लांटमधल्या मशिनींचा डेटा इथरनेटवर निघतो. ताथवड्याच्या ऑफिसला जाताना वाटेत तीन ठिकाणी ही खोकी त्याला धरतात, टेलिफोनच्या जमान्यातल्या साच्यात कोंबतात आणि पुढे ढकलतात. मी म्हटलं, फेका ती. नेटवर्कच्या स्विचमध्येच लेझरचा प्लग लावा, डेटा थेट फायबरवर सोडा. आठ महिने हेच म्हणत होते. आमचे नेटवर्क मॅनेजर निरंजन सर हसायचे.

"रश्मी, राहायला काळेवाडीत आणि डिझाइन जर्मनीचं?"

शेवटी हो म्हणाले, तेही असं: "फेल गेलं तर सोमवारपासून येऊ नकोस. कंत्राटावर आहेस, विसरू नको."

अडीचला मी इकडे प्लग बसवला, माझा जोडीदार जयदीपने ताथवड्यात. दोन्हीकडे दिवा लाल. मीटर लावला, तर उजेडाचा टिपूस नाही. प्लग बदलले. लाल. कनेक्टर पुसले. लाल. सव्वातीन.

"झालं समाधान?" सर मागे येऊन उभे. "खोकी परत लावा."

"वीस मिनिटं द्या."

"दहा."

रागाने फोन स्पीकरवर टाकला. "जयदीप, पहिल्यापासून सांग काय काय केलंस."

"प्लग बसवला ताई, मग क्रॉस मारला, मग..."

"थांब. क्रॉस मारलास?"

"मारणारच ना! ज्योतीरामभाऊंनी शिकवलंय. क्रॉसशिवाय उजेड येत नाही."

भाऊ म्हणजे आमचे फायबर जोडणीतले उस्ताद, मलाही त्यांनीच शिकवलेलं. आणि मीही मारला होता! इथली पाठवणारी तार तिथल्या घेणाऱ्या तोंडात जावी म्हणून तारांची अदलाबदल करायची, पण ती एकाच टोकाला. भाऊ दोन्ही टोकांना स्वतः जायचे, त्यांना ठाऊक असायचं कुठे मारलाय. आम्ही दोघं चेले दोन टोकांना बसून तीच हुशारी करून बसलो. दोन्ही प्लग एकाच तारेत बोंबलत होते आणि दुसरी तार रिकामी!

"तुझा काढ! सरळ लाव!"

"आणि तुमचा?"

"माझा राहू दे रे गाढवा! लाव!"

टक.

हिरवा. दोन्हीकडे हिरवा! मी किंचाळलेच. ताथवड्याला पाठवलेलं डेटाचं पॅकेट पापणी लवायच्या आत परत आलं.

"शंभर गिगा, ताई! शंभर!" जयदीप तिकडे नाचत असावा, धाडकन काहीतरी पडलं.

सरांनी लगेच प्लांटहेडना फोन लावला. "हां साहेब, आम्ही केलं..."

"आम्ही नाही," मी मोठ्याने म्हणाले. "रश्मीने. नाव घ्या."

सर कसंबसं म्हणाले, "रश्मीने केलं, साहेब." पलीकडचं ऐकून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "मोशीचं गोदाम कधी जोडणार, विचारतायत."

"पुढच्या गुरुवारी," मी म्हणाले. "मीच करणार. तसं लेखी पाठवा, साहेब."