दोन झाडं आणि एक टेबल

मी लिनमास्तरांच्या टेबलावरचा नमदा बोलतोय. लोकरीचा, जाडसर, अंगावर लाल चौकटी आखलेला. माझ्यावर पातळ कागद अंथरतात, खालच्या चौकटी वर दिसतात आणि त्यांच्या आधाराने कुंचला चालतो. पण खरं सांगू? सध्या माझंच डोकं चालेनासं झालंय.

चीनमधल्या शाओशिंग गावच्या या गल्लीतली निम्मी पोरं माझ्यावर अक्षरं गिरवून मोठी झाली. मास्तरांचं एकच पालुपद, "नुसती रेघ सुंदर असून भागत नाही रे, बांधणी बघ!" मग ते ‘जंगल’ या अर्थाचं चिनी अक्षर काढायचे. दोन झाडं, शेजारी शेजारी. "डाव्या झाडाने उजवी फांदी आखडती घ्यायची. नाहीतर शेजाऱ्याने जायचं कुठे?" मला ते पटायचं.

गेल्या वर्षी मास्तरांची बायको, ग्वेह्वाकाकू, कापडगिरणीतून निवृत्त झाली. तिला वॉन्टनचं, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या पुड्यांचं, दुकान काढायचं होतं, याच पुढच्या खोलीत. मास्तर ताडकन म्हणाले, "इथे शाईचा वास येतो. कांद्याच्या पातीचा नको."

परवा काकूने पिशवी भरली. निंगबो शहरातली तिची बहीण दुकानाला जागा देत होती. "आता तिकडेच राहीन," ती दारातून म्हणाली. मास्तरांनी मान वर केली नाही. एका पोराचा कागद लाल शाईने तपासत होते.

"काय चुकलं बिचाऱ्याचं?" काकूने विचारलं.

"डावं झाड हातपाय पसरून बसलंय. उजवं गेलं चौकटीबाहेर!"

"अहो मास्तर, मग एक लाल फराटा स्वतःवरही ओढा की!"

कुंचला थांबला. लाल थेंब टपकन माझ्यावर पडला. मला वाटलं, आता भांडण पेटणार.

"कात्री कुठे ठेवलीस?" मास्तर म्हणाले.

आणि मलाच कापलं हो! मधोमध! "अर्धं टेबल तुझं," ते पुटपुटले. "वेड लागलंय का? चांगला नमदा होता!" काकू ओरडली, पण रडतही होती. मग पिशवीतून लाटणं बाहेर आलं.

आता माझा एक तुकडा कागदाखाली, दुसरा काकूच्या पोळपाटाखाली. इकडे शाई, तिकडे पीठ. यातला मी कुठला? दुखतंय की बरं वाटतंय, तेही उमगत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. तेवढी एक विनंती मात्र ऐका. मला पुन्हा जोडून शिवू नका.