सोळा नंबरचं पाकीट

लाँड्रीवाल्या वहिनींचा संशय त्यांच्या इस्त्रीपेक्षा लवकर तापायचा. गल्लीच्या टोकाच्या बंद गोदामात बेघरांना राहायला जागा द्या, असं एक नर्सबाई दारोदार सांगत फिरू लागली आणि दुसऱ्याच दिवशी वहिनींनी विरोधाचा अर्ज लिहून पहिली सही स्वतःची ठोकली. गुरुवारच्या सभेत निकाल लागणार होता.

"एवढा पुळका कशाला हो हिला?" त्या गिऱ्हाइकांना विचारत. "दर गुरुवारी पुलाखाली जाते, पिशवीतून काहीतरी वाटते. चांगलं काही असतं तर उघड्यावर वाटलं असतं की!"

पुलाखाली वहिनींचे धाकटे दीरही राहायचे. नशेपायी त्यांनी दोनदा घरात हात मारला, तेव्हा वहिनींनीच त्यांना बाहेरची वाट दाखवली होती. तरी महिन्यातून एकदा भाऊजी कोट धुवायला आणत आणि वहिनी तोंडाने शिव्यांची लाखोली वाहत तो फुकट धुवून देत. आता गोदाम मिळालं तर त्यांच्या डोक्यावर छप्पर येणार होतं. ते वहिनींना कळत नव्हतं असं नाही. पण तिथे नशेचा बाजार भरला तर? हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

दुकानाचा एक नियम होता. मशीनमध्ये टाकण्याआधी कपड्याचे खिसे रिकामे करायचे, निघेल ते कागदी पाकिटात घालून वर नंबर टाकायचा आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. बटण असो की प्रेमपत्र, अकरा वर्षांत काही हरवलं नव्हतं. वहिनी हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मंगळवारी भाऊजींचा कोट आला. नंबर सोळा. खिशातून कंगवा निघाला, मेणबत्तीचा तुकडा निघाला, आणि चकचकीत वेष्टनातली बोटाएवढी पांढरी नळी. वर बारीक अक्षरात औषधाचं काहीतरी नाव.

"अगं बाई! म्हणजे ती वाटते आणि हे विकतात!" वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. सभेत पुरावा म्हणून नळी त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली आणि पाकीट तसंच चिकटवलं.

बुधवारी सकाळी भाऊजी कोट घ्यायला आले. पाकीट चाचपून म्हणाले, "वहिनी, आणखी काही होतं का खिशात?"

"जे होतं ते दिलं. का? काय असायला हवं होतं?"

"काही नाही," म्हणून ते खाली मान घालून गेले. चोराच्या मनात चांदणं, वहिनी मनात म्हणाल्या.

गुरुवारी शाळेच्या वर्गात सभा भरली. वहिनींनी नळी टेबलावर आपटली. "हे बघा काय वाटते ही! माझ्या दिराच्या खिशात सापडलं!"

नर्सबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनींना वाटलं, सापडली.

"हा नाकात मारायचा फवारा आहे," नर्सबाई हळू म्हणाल्या. "नशा जास्त होऊन कुणाचा श्वास बंद पडायला लागला, तर हा मारून जीव वाचवता येतो."

"म्हणजे यांना बिनघोर नशा करता यावी म्हणून?"

"बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात कसा मारेल, वहिनी? तो दुसऱ्यांसाठी असतो. पुलाखाली सध्या एवढा एकच होता. सगळ्यांनी मिळून तुमच्या दिरांकडे सांभाळायला दिला होता."

तेवढ्यात दारात भाऊजी दिसले. अंगात तोच धुतलेला कोट. ते नर्सबाईंना शोधत आले होते.

"मास्तर गेले," ते म्हणाले. मास्तर म्हणजे पुलाखाली सगळ्यांची पत्रं वाचून दाखवणारे म्हातारे. "काल दुपारी. ओठ निळे पडायला लागले. मी सगळे खिसे उलटे केले, पाकीट फाडून कोपरे बघितले." ते वहिनींकडे वळले. "तुमच्या पाकिटातून तर कधी काही हरवत नाही. म्हणजे मीच कुठेतरी पाडलं. माझ्यामुळे गेला हो माणूस."

वहिनी गप्प बसल्या असत्या तर भाऊजी जन्मभर स्वतःलाच खात राहिले असते.

"तुम्ही नाही पाडलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी काढून ठेवलं होतं."

भाऊजींनी टेबलावरच्या नळीकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. अजून चौघं आहेत तिथे."